वाघरीचं तोंड

शनिवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी प्रांजलच्या फोनवर मेल आला, तेव्हा तिच्या दोन्ही हातांत एका मेंढीचे मागचे पाय होते. पुढचे पाय जालिंदरच्या हातांत होते आणि मधली मेंढी, बांडी तिचं नाव, पिकअपमध्ये चढायचं नाही या एकाच विचारावर ठाम होती. फोन खिशात दोनदा थरथरला. प्रांजलने पाय सोडले नाहीत, पण लक्ष सुटलं, आणि तेवढ्यात बांडीने तिच्या गुडघ्याखाली अशी एक ठेवून दिली की प्रांजल मटकन लेंड्यांत बसली.

“प्रांजे, मेंढी हाय ती, रेडा न्हाई. धर की नीट,” जालिंदर म्हणाला.

“धरली होती रे दादा. मेल आला.”

“मग आता तू मेल धर, मेंढी मला दे.”

गेणभाऊ वाघरीच्या जाळीच्या खुंटीला टेकून उभे होते. ते हसले. “शिकल्याल्या माणसाचं आसंच आसतंय राव. हातात मेंढी, चित्त टॉवरला.”

लेण्याद्रीच्या पायथ्याला, गोळेगावच्या रानात गेणभाऊंचा तळ होता. तीन वर्षांपूर्वी प्रांजलच्या आजोबांनी, नवसू आबांनी, बांडी त्यांना अर्धेलीने दिली होती: मेंढी आबांची, सांभाळणं गेणभाऊंचं, होतील ती कोकरं दोघांत निम्मी. मुदत संपली. आता बांडी आणि तिची वाट्याला आलेली दोन कोकरं आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या लोणीला, आबांच्या कळपात परत चालली होती. त्यांना न्यायला चुलतभाऊ जालिंदर पिकअप घेऊन आला होता. प्रांजल जुन्नरला खोली घेऊन राहायची, तिथल्या एका कॉलेजात तासावर भौतिकशास्त्र शिकवायची आणि पुण्याच्या विद्यापीठात पीएचडी करायची. जालिंदरने सकाळी सातला फोन करून सांगितलं होतं की आज शनिवार आहे, कॉलेज नाही, तुझ्या पुस्तकांना काय वासरू होणार नाही, चल. ती निघाली होती. एवढं मात्र खरं की गेले नऊ दिवस ती फोनकडे बघून बघून कंटाळली होती, आणि ज्या वेळी हात मोकळे नसतील अशी एखादी वेळ तिला हवी होती.

मेल तिने दहा वीसला वाचला, पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून, गुडघा चोळत. अकरा ओळींचा होता. तिचा शोधनिबंध ज्या नियतकालिकाकडे गेला होता, त्याच्या रेफरीचं, लेख तपासणाऱ्या परीक्षकाचं, मत होतं ते. पहिल्या चार ओळींत स्तुती होती, आणि स्तुती आधी आली की पुढे काय येतं हे प्रांजलला ठाऊक होतं. पाचवी ओळ तिने तीनदा वाचली. लेखिकेने काढलेला परिणाम कणाचा नसून लेखिकेने निवडलेल्या मोजणीचा आहे. मोजायला कुठून सुरुवात करायची ते बदललं की परिणाम नाहीसा होतो. शेवटची ओळ शिफारशीची होती. नाकारावा. त्याखाली संपादकाने आपल्याकडून एक वाक्य जोडलं होतं की लेखिकेला उत्तर द्यायचं असल्यास आम्ही वाचू. दहा एकतीसला तिच्या गाइडचा, आरती मॅडमचा मेसेज आला. “वाचलं. तो बरोबर आहे असं मला वाटतंय. सोमवारी अकराला समिती. आज पाचपर्यंत सांग, लेख मागे घ्यायचा की उत्तर द्यायचं. उत्तर असेल तर गणितासकट.” मॅडमच्या मेसेजमध्ये सांत्वन कधीच नसे, आणि प्रांजलला ते आवडत असे. सांत्वनाला उत्तर काय द्यायचं, हे तिला कधी कळलं नव्हतं. प्रबंधाची पाच प्रकरणं होती. त्यांतली दोन या लेखावर उभी होती. सहावं वर्ष मार्चमध्ये संपत होतं. लेख मागे घेतला तर दोन प्रकरणं बसणार, आणि उरलेल्या तिनांवर समिती पदवी देत नसते.

पिकअप निघाली. मागे बांडी ओरडली, कोकरं ओरडली, मग तिघं एकदम गप्प झाली. प्रांजल खिडकीतून बाहेर बघत होती. तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण येत नव्हतं. उलट तिला हलकं हलकं वाटत होतं, परीक्षेचा पेपर अवघड आहे हे एकदाचं कळल्यावर वाटतं तसं. हा हलकेपणाच तिला भलता वाटला. सहा वर्षांचं काम बसत चाललं असताना माणसाला भूक लागावी? पण लागली होती. गेणभाऊंच्या घरातून दिलेली भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात होती. तिने चतकोर मोडली आणि खाता खाता विचार केला की चूक आहे, हे खरंच आहे. ती चूक एवढी सरळ आहे की पहिल्या वर्षातल्या पोराने पकडावी. आणि मला ती अडीच वर्षं दिसली नाही. का दिसली नाही?

“कुणाचा मेल?” जालिंदरने विचारलं.

“आहे एक रेफरी. म्हणतो पेपर खोटा आहे.”

“नाव काय त्याचं?”

“नाव सांगत नाहीत.”

“आमच्या कुस्तीचा पंच निदान समोर उभा ऱ्हातो. मार खायला.” त्याने गियर बदलला. “काय लिवलं व्हतंस तू एवढं?”

हा प्रश्न घरातल्या कुणीही तिला सहा वर्षांत विचारला नव्हता. विचारला असता तर सांगता आलं नसतं, म्हणून तीही सुखी होती. आता तिने सांगितलं. रिकाम्या जागेला दिशा नसते, असं आपण धरून चालतो. प्रयोगाचं टेबल पूर्वेकडे तोंड करून ठेवा नाहीतर दक्षिणेकडे, स्थिर खोलीत ठेवा नाहीतर सरळ धावणाऱ्या गाडीत, उत्तर तेच येतं. जागा आणि काळ दोन्ही या बाबतीत निःपक्षपाती आहेत. पण समजा ते तसे नसतील. समजा सगळ्या रिकाम्या जागेतून एक फार बारीक बाण आरपार गेलेला असेल, कुणाला न दिसणारा, सगळीकडे एकाच दिशेला रोखलेला. मग एखाद्या कणाचं काय होईल? असा कण, जो उजेडाच्या जवळपास वेगाने पळतो, आणि तरी दाव्याला बांधल्यासारखा एकाच जागेभोवती मागेपुढे हेलकावतो. बांधलेल्या कणाची ऊर्जा मनाला येईल तेवढी नसते, ती पायऱ्यांनी असते. बाणामुळे त्या पायऱ्या हलतात का, हे तिने काढलं होतं. आणि हलत होत्या. सगळ्या पायऱ्या एकसारख्या वर उचलल्या जात होत्या.

“सगळ्याच? एकसारख्या?”

“हो.”

जालिंदरने ओझरच्या फाट्यापाशी एका एसटीला वाट दिली. मग म्हणाला, “म्हंजे आख्खं लोणी गाव रातच्याला टीचभर वर उचललं, घरं, झाडं, विहिरी, समदं, तर सकाळी उठून कुणाला कळंल?”

प्रांजलने घास चघळायचा थांबवला. “रेफरी अकरा ओळींत हेच म्हणालाय.”

“मग मलाच ठेवा की रेफरी. मी समोर बी ऱ्हाईन.”

ती मोठ्याने हसली. मागे बांडी दचकून ओरडली. नारायणगावात टोमॅटोच्या मार्केटपाशी गाड्या तुंबल्या होत्या आणि त्यांना तेवीस मिनिटं तिथे थांबावं लागलं. उन्हात लाल क्रेटांचे ढीग होते, पोरं त्यांच्यावरून उड्या मारत होती, हॉर्न वाजत होते, आणि प्रांजल त्या सगळ्यातून आपल्या चुकीकडे बघत होती, जवळपास प्रेमाने. चूक अशी होती. बाणाची दिशा तिने ठरवली होती, ते ठीक. पण ऊर्जा कुठून मोजायची, शून्य कुठे, तेही तिनेच त्या बाणालाच टेकवून ठरवलं होतं. आणि मग बाणामुळे शून्यापासून किती फरक पडला ते काढून ती खूष झाली होती. ज्या खुंटीला मेंढी बांधली तीच खुंटी धरून मेंढी किती लांब गेली ते मोजायचं, आणि दाव्याची लांबी हा शोध म्हणून छापायला पाठवायचा. हे दुसऱ्या कुणाकडून झालं नसतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराला दिशा म्हणजे कागदावर आपण काढलेली एक रेघ, हे जन्मापासून ठाऊक असतं. प्रांजलला दिशा अशी कधी काढावी लागली नव्हती. ती रानात आयती मिळायची. आबांच्या घराण्याचा रिवाज होता की कुठेही तळ पडो, वाघर लावायची ती उगवतीला तोंड करून. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. आता बिबट्यापायी ती पुरुषभर उंच लावतात. तिच्या तोंडातून सकाळी कळप बाहेर पडायचा तो उन्हाच्या अंगावरच. लहानपणी प्रांजलचा समज होता की वाघरीचं तोंड असतं म्हणून तिकडून सूर्य येतो.

नऊ वर्षांची असताना हा समज तिला चांगलाच भोवला होता. भीमाशंकरच्या रस्त्याला, घोडेगावच्या वरच्या अंगाला तळ होता. दुपारची वेळ. चहापत्ती संपली होती आणि काकीने, जालिंदरच्या आईने, तुकाबाईने, सांगितलं की उगवतीला वाडी आहे, दुकान आहे, जा आणि पुडा घेऊन ये. प्रांजलने वाघरीचं तोंड बघितलं आणि तिकडे चालू लागली. त्या दिवशी वाऱ्यापायी आबांनी, आयुष्यात एकदाच, तोंड मावळतीला केलं होतं, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती दोन तास चालली. ऊन पाठीवर असायला हवं होतं ते तोंडावर येत होतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण उन्हाचंच काहीतरी चुकतंय अशी तिची खात्री होती. शेवटी भीमाशंकरला निघालेल्या भाविकांच्या जीपवाल्याने तिला उचललं, राजगिऱ्याचे दोन लाडू दिले आणि संध्याकाळी परत आणून सोडलं. काकी रडून सुजली होती. आबांनी तिला एकच विचारलं, सावली बघितली नाहीस का? तिने बघितली होती. पण सावलीपेक्षा वाघरीवर तिचा विश्वास जास्त होता. आता मार्केटच्या गर्दीत बसून तिला वाटलं, अडीच वर्षं मी पुन्हा तीच चहापत्ती आणायला चालले होते. आणि तिला पुन्हा हसू आलं.

जागेला दिशा नसते हे तिला पहिल्यांदा सांगितलं ते एका बाईने, खोडदला, रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या छत्र्या आहेत तिथे. सातवीची सहल होती. मुलं छत्री किती उंच, वजन किती, वीज पडली तर काय, असं विचारत होती. प्रांजलने विचारलं, वर आभाळात गेल्यावर उगवत कुठली? बाई तिच्याकडे वळली. नाही, ती म्हणाली, वर उगवत नाही, मावळत नाही, काहीच नाही. कुठूनही बघ, सारखंच. बाकीची मुलं पुढच्या छत्रीकडे पळाली, आणि प्रांजल तिथेच उभी राहिली. एवढ्या मोठ्या जागेला तोंडच नाही, मग सकाळी सगळ्यांनी बाहेर पडायचं कुठून? तिला भीती वाटली होती आणि छानही वाटलं होतं. आज वाटत होतं तसंच. पुढे बारावीत, बीएस्सीत, एमएस्सीत तिने ते गणिताने शिकून घेतलं. पण विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिने असा विषय घेतला, ज्यात जागेला एक बारीकसं तोंड असलं तर काय होईल, हे विचारता येतं. मॅडमनी विचारलं होतं, हाच का? तिने पाठ्यपुस्तकातलं उत्तर दिलं होतं.

कळंब मागे पडलं. घोड नदीच्या पुलावर वारा आला. अकरा पन्नासला तिने पिशवीतून वही काढली आणि हलत्या गाडीत वाकड्यातिकड्या अक्षरांत पहिला विचार लिहिला. एकच गाव उचललं तर कळत नाही. दोन गावं वेगवेगळी उचलली तर? एकाच दाव्याला दोन प्रकारचे कण बांधायचे. बाण दोघांना वेगवेगळा टोचतो, असं धरायचं. एकाच्या पायऱ्या जास्त उचलल्या जातील, दुसऱ्याच्या कमी. झालं! तिने मंचरपर्यंत दीड पान लिहिलं आणि मंचरच्या चौकात ते दीड पान आडव्या रेघेने खोडलं. पहिल्या प्रकाराचं शून्य वेगळं धरलं की त्याचा परिणाम गेला. दुसऱ्याचं वेगळं धरलं की त्याचाही गेला. लोणी टीचभर वर आणि शेजारचं पारगाव वीतभर वर. पण लोणीच्या माणसाला पारगावला जायचंच नसेल, तर दोन्ही गावं आपापल्या जागी सुखी.

“खोडलंस?” जालिंदरने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“खोडलं.”

“चांगलं झालं. मला त्या पानाचा आवाजच बरा वाटत नव्हता.”

लोणीला ते एक वाजून पाच मिनिटांनी पोचले. सोपान नावाच्या शेतकऱ्याच्या रानात, कांदा लावायच्या आधी खतासाठी, आबांचा कळप आठ दिवस बसवला होता. कळप चरायला गेला होता, आबाही. वाघरीत दोन लंगड्या मेंढ्या आणि सात-आठ कोकरं होती. काकी तीन दगडांच्या चुलीपाशी होती. तिने प्रांजलचा लेंड्यांनी भरलेला पार्श्वभाग पाहिला आणि म्हणाली, “बाई, कालेजात आता बसायला खुर्च्या देत न्हाईत व्हय?”

“काकी, बांडीने पाडलं.”

“पाडंल नाय तर काय. तीन वर्सं परक्याच्या वाड्यात ऱ्हायली, वळण लागलं आसंल.” मग आवाज उतरवून जालिंदरला, “हिचं तोंड का आसं उतारलंय?”

“उतरलेलं न्हाई आई, चाललंय. कवापासून आतल्या आत चाललंय. परीक्षेत नापास झाली म्हन.”

“आमच्या घरात आजवर कोन पास झालंय?” काकी म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. तिचं सांत्वन असं असायचं. त्याला उत्तर द्यावं लागत नसे.

नव्याने आलेलं जनावर पहिला दिवस वाघरीतच ठेवायचं, एकदम कळपात सोडलं तर बिथरतं, हा नेहमीचा रिवाज. बांडीला आणि दोन कोकरांना आत सोडलं. जेवून प्रांजल बाभळीच्या सावलीत वही घेऊन बसली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाचला दोन तास पन्नास मिनिटं होती. तिने पान उघडलं आणि त्याच्याकडे बघत राहिली, आणि पान तिच्याकडे. मागे घेते, असं लिहायला एक मिनिट लागलं असतं. ती शब्दांची जुळवाजुळवही करू लागली, आणि त्यातच तिची नजर वाघरीवर गेली.

दोन्ही कोकरं वाघरीच्या उत्तरेच्या बाजूला, जिथे तोंड नव्हतं, काही नव्हतं, तिथे जाळीला नाकं लावून उभी होती. प्रांजल उठून बसली. गेणभाऊंच्या घराण्यात तोंड डोंगराकडे करतात. लेण्याद्रीचा डोंगर त्यांच्या तळाच्या उत्तरेला. ही पोरं तिथे जन्मली, त्यांनी दुसरं दार पाहिलेलंच नाही. तिने लगेच स्वतःला आवरलं. उत्तरेला सोपानची पाण्याची टाकी होती, ओलाव्याचा वास तिकडून येत असणार. पुरावा म्हणून याची किंमत शून्य. पण बांडी? बांडी आबांच्या वाघरीत जन्मली, उगवतीला बाहेर पडून वाढली, मग तीन वर्षं उत्तरेला. बांडी उगवतीच्या बंद तोंडापाशी गेली. थांबली. मग वळून उत्तरेला कोकरांपाशी आली. थांबली. मग पुन्हा उगवतीला. प्रांजलने फोनवरचं घड्याळ लावलं. चार मिनिटं इकडे. अडीच मिनिटं तिकडे. पुन्हा चार. तिला कुणाची म्हणायचं आता, आबांची की गेणभाऊंची? ती कुणाचीच पुरती नव्हती. ती एकीची दुसरी होत होती आणि पुन्हा पहिली होत होती. आबांचा कळप एकटा असता तर उगवतीला उत्तर म्हणा, दक्षिण म्हणा, काही बिघडत नव्हतं. गेणभाऊंचाही तसाच. नुसते दोन कळप शेजारी ठेवले तरी बिघडत नव्हतं. ते मंचरच्या चौकात खोडून झालं होतं. पण इकडची मेंढी तिकडे जाते, तिकडून इकडे येते, तेव्हा दोन घरांच्या दारांमधला फरक तिच्या अंगात राहतो. तो कुणाचंही शून्य हलवून पुसता येत नाही.

पहिली गोष्ट तिने केली ती म्हणजे स्वतःला शिवी दिली. हे तिला ठाऊक होतं. तिसऱ्या वर्षी तिने वाचलं होतं, चर्चासत्रात सांगितलंही होतं: जे कण एकाचे दुसरे होतात, त्यांच्या बाबतीत बाणांमधला फरक उरतो. पण ते होतं मोकळ्या कणांसाठी, जे सरळ पळत जातात. दाव्याला बांधलेल्या, हेलकावणाऱ्या कणांच्या पायऱ्यांसाठी ते कुणी केलेलं तिच्या माहितीत नव्हतं. तेव्हा मेंढीने काही शिकवलं नाही, तिने स्वतःला बजावलं. मेंढीने फक्त ते ज्या कपाटात पडलं होतं त्याकडे बोट दाखवलं. उद्या कुणी मेंढपाळाच्या मुलीला मेंढीने विज्ञान शिकवलं असं काही छापलं, तर पहिला आक्षेप तीच घेणार होती. तरी ती उठली, फडक्यातली उरलेली भाकरी घेऊन वाघरीपाशी गेली आणि जाळीतून बांडीला तिचा तुकडा दिला. बांडीने तुकडा खाल्ला आणि बोटही चावलं.

दोन चाळीसला तिने नव्या पानावर सुरुवात केली. दोन प्रकारचे कण, दोघांना वेगळा बाण. दोघांचा आपापला परिणाम आपापल्या शून्यात ढकलून काढून टाकला, रेफरीला हवं होतं तसं, अगदी त्याच्या देखत. आणि मग एकाचं दुसऱ्यात होणं सांगणारी समीकरणातली टर्म घेतली. ती तशीच राहिली नाही. दोन बाणांमधला फरक तिला चिकटून आला, गोखरूसारखा. तीन वीस. काकी चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली. तीन पन्नासला पहिल्या दोन पायऱ्यांमधलं अंतर आलं, आणि त्या अंतरात तो फरक बसलेला होता. पायरी नुसती उचलली गेली नव्हती, दोन पायऱ्या एकमेकींपासून हलल्या होत्या. हे कुठूनही मोजलं तरी दिसणार होतं. तिने ते दुसऱ्या वाटेने काढलं. पुन्हा तेच आलं. फक्त अधिक-उण्याच्या चिन्हात चूक झाली होती, ती सापडली. जालिंदर येऊन डोक्याशी उभा राहिला.

“ह्या पानाचा आवाज कसाय?” तिने विचारलं.

त्याने कान वहीजवळ आणला. “चालू हाय. पर टायमिंगचा पट्टा जरा ढिला वाटतोय.”

टायमिंगचा पट्टा ढिला होता, हे खरं होतं. तिसऱ्या पायरीचं गणित लांब होतं, चार-पाच तासांचं, आणि पाचला पस्तीस मिनिटं उरली होती. पहिल्या दोन पायऱ्या नीट निघाल्या म्हणजे तिसरी निघतेच असं नाही. तिथे ऊर्जा जर काल्पनिक संख्येत, मोजमापात येऊच शकत नाही अशा संख्येत गेली, तर तिने धरलेली मांडणीच आतून फुटकी होती, आणि मग दोन प्रकरणं काय, तिसरंही धोक्यात होतं. मागे घेतला तर निदान तीन प्रकरणं सुखरूप राहतील. हा हिशेब तिने शांतपणे केला. अंगावरची माशी हाकलावी तसा तो मग बाजूला केला. तिला आज पहिल्यांदा असं काहीतरी सापडलं होतं, जे तिने ठरवलेल्या शून्यावर उभं नव्हतं. ते पुढे टिकेल की नाही हे तिच्या इच्छेवर नव्हतं, आणि तेच तर हवं होतं.

वाघरीपाशी रेंज नव्हती. ती जालिंदरच्या पिकअपच्या टपावर चढली. पाय काचेवर देऊ नकोस, असं तो तीनदा ओरडला. चार एक्केचाळीसला चारही पानांचे फोटो गेले. खाली तिने लिहिलं, “मागे घ्यायचा नाही. रेफरी बरोबर आहे. उत्तर सोबत. पहिल्या दोन पायऱ्या काढल्यात, तिसरी राहिली आहे, तिथे मोडू शकतं.” मॅडमनी वाचल्याच्या निळ्या खुणा चार बावन्नला आल्या. उत्तर आलं नाही. पाच वाजले. पाच दहाला आबा कळप घेऊन बांधावरून उतरले. एकशे बारा मेंढ्यांची धूळ सोपानच्या रानावर पसरली. आबांनी टपावर उभी असलेली नात बघितली आणि खालूनच विचारलं, “काय गं, काय दिसतंय वरून?”

“अजून काय नाही, आबा.”

“मग उतार खाली. मेंढरं आत घ्यायला हात लागत्यात.”

“पाच मिनिटं.”

“न्हाईतर तिकडंच ऱ्हा. बिबट्या आला तर आधी तुला दिसंल,” काकी म्हणाली. जालिंदर, सोपान आणि आबा तिघंही हसले. प्रांजलही हसली आणि फोन डोक्यावर धरून उभी राहिली.

पाच वाजून अडतीस मिनिटांनी मॅडमचा मेसेज आला. “पहिल्या दोन पायऱ्यांत तो फरक मलाही शून्य येत नाहीये. तिसरी करायला घेतली आहे. फोन हाताशी ठेव.”

सव्वासहापर्यंत त्यानंतर दुसरा मेसेज आलेला नव्हता.